खालच्या सुराची शिट्टी

शिट्टी हे गरिबाचं वाद्य, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! खऱ्या गरिबाचं वाद्य म्हणजे ताट आणि चमचा. शिट्टी त्याच्या एक पायरी वर, आणि त्या एका पायरीवर पेंटर जन्मभर बसून राहिला. त्याला चढायचं होतं क्लॅरिनेटपर्यंत.

तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकदा वाद्यांच्या दुकानाची पाटी रंगवायला शिडीवर चढला आणि काचेतून त्याला ते दिसलं. काळंभोर, चांदीसारख्या कळांचं, मखमलीच्या पेटीत झोपलेलं. मग काय, 'वाद्य'मधल्या 'द्य'लाच त्याने अर्धा दिवस लावला. मजुरी घ्यायला आत गेला तेव्हा सहज विचारल्यासारखी किंमत विचारली. दुकानदाराने सांगितली. पेंटर हिशेब पैशात करत नसे, पाट्यांत करत असे. क्लॅरिनेट म्हणजे अख्ख्या रस्त्याच्या पाट्या झाल्या. मग व्हायोलिन विचारलं, तर ते अर्ध्या रस्त्याच्या पाट्यांचं. दुकानदार तसा भला माणूस. त्याने गल्ल्याजवळची बरणी पुढे सरकवली. तिच्यात पेन्सिली उभ्या ठेवाव्यात तशा शिट्ट्या ठेवलेल्या होत्या. पंच फुंकतो ती शिट्टी वेगळी. ही पत्र्याची, वीतभराहून थोडी लांब, सहा भोकांची, बोटांनी सूर काढायची. किंमत एका बारक्या ब्रशइतकी. दुकानदार म्हणाला, हिच्यावर बोटं बसली की मग पुढचं बघू. पुढचं बघायचं राहून गेलं, एवढंच.

लग्न झालं तेव्हा घरात येणारी सून काय घेऊन आली, असं शेजारणींनी विचारलं होतं. ती मोठा आवाज घेऊन आली होती. ती बाटल्या भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटत पुढे जायच्या आणि ही दिव्यासमोर बसून एकेक बाटली निरखायची, तडा गेलेली दिसली की उचलून बाजूला टाकायची. तिथे दिवसभर काचेचा असा खणखणाट, की शेजारच्या बाईच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून तिथल्या बायका ओरडतच नसत. नुसती तोंडं हलवायच्या. पट्ट्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघीजणी मध्ये उभ्या असलेल्या साहेबाची यथेच्छ निंदा करायच्या आणि त्या बिचाऱ्याला पत्ता लागायचा नाही.

ही विद्या तिने घरीही आणली. दोघं कुणाच्या लग्नाला गेली, की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला व्याही-व्याही काय कुजबुजतायत ते ही नवऱ्याला इथे बसून सांगायची. पेंटरला याचं केवढं कौतुक! 'हिच्यासमोर तोंड हलवताना जपून,' असं तो ज्याला त्याला सांगायचा. गल्लीत तिला 'मोठ्या आवाजाची काकू' म्हणत. हाक मारायला लागली की तीन घरं पलीकडची मुलं आपापल्या घरी पळत.

लग्नाच्या पहिल्या वर्षी पेंटरने शिट्टीवर एक चाल बसवली. आधी खालच्या सुरांत दोन वेळा घुटमळते, मग एकदम जिना चढून गच्चीवर जाते, आणि गच्चीवर जी जाते ती तिथेच रमते. सगळा जीव त्या वरच्या भागात. चालीला नाव त्याने दिलं नाही. ती दोघं तिला 'आपली' म्हणायची. संध्याकाळी चहा झाला की ती म्हणायची, "चला, आपली वाजवा." मग हनुवटी तळव्यात टेकवून समोर बसायची, त्याच्या तोंडाकडे बघत. संपली की म्हणायची, "आज छान लागली." कधी म्हणायची, "आज मन कुठे होतं तुमचं?" आणि गंमत म्हणजे त्या दिवशी खरंच त्याचं मन थाऱ्यावर नसायचं. असा श्रोता राजालाही मिळत नाही, अशी पेंटरची खात्री होती.

एकदा एका मोठ्या गोदामाची भिंत रंगवायचं काम मिळालं आणि हातात बऱ्यापैकी रक्कम आली. पेंटर थेट क्लॅरिनेटच्या गोष्टी करू लागला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कशाला? मला तर तुमची शिट्टीच गोड लागते." ते पैसे मुलीच्या शाळेला गेले, छताला गेले, जायचे तिथे गेले. पेंटरला वाईट वाटलं नाही. गोड लागते म्हटल्यावर विषयच संपला.

वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन दूर गेली, हाताने पाट्या रंगवणं बंद पडून छापील फलक आले, कारखान्याने तिला निरोप देऊन एक घड्याळ हातात ठेवलं. शिट्टी तेवढी राहिली. बाकी सगळं आटलं तरी ती चालली, कारण तिला काही लागतच नव्हतं. फुंकर तर फुकटच असते.

मग तो कुकरचा दिवस आला.

पेंटर भाजी आणायला बाहेर गेला होता. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच त्याला कुकरची शिट्टी ऐकू आली. कुणाचा तरी कुकर आज चांगलाच तापलाय, असं मनाशी म्हणत तो चालत राहिला. शिट्टी थांबेना. घराशी आला तर आपलाच कुकर. स्वयंपाकघरात करपल्याचा वास, कुकर थयथय नाचतोय, शिट्टी किंचाळतेय, आणि कुकरकडे पाठ करून, हातभर अंतरावर, ही शांतपणे शेंगा सोलत बसलेली.

"अगं, शिट्ट्या ऐकू येत नाहीत का?" तो दारातून ओरडला. ती शेंगा सोलतच राहिली. तो धावत तिच्यासमोर आला, पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "कसल्या शिट्ट्या?" आणि मागे वळून बघितल्यावर दचकून उठली.

गॅस बंद केला. कुकर उघडला तर आत कोळसा. दोघं हसली. ती म्हणाली, आता म्हातारपणी तुम्हीच स्वयंपाक करा. पेंटर हसता हसता खिडकी उघडायला गेला आणि कडीवर हात तसाच राहिला. आपण आत्ता काय म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं. शिट्ट्या ऐकू येत नाहीत. शिट्टी म्हणजे शिट्टी, शब्द तोच. कुकरची काय आणि पेंटरची काय.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "चला, आपली वाजवा." त्याने वाजवली. ती हनुवटी टेकवून बघत बसली, संपल्यावर म्हणाली, "आज घाबरल्यासारखी वाजवलीत." तो घाबरलेलाच होता. पाठीमागे उभं राहून एक फुंकर मारली असती की सोक्षमोक्ष झाला असता. पण ते त्याच्या जिवावर आलं. त्यापेक्षा कुकरचं निमित्त करून त्याने तिला कानाच्या दवाखान्यात नेलं.

तिथे काचेची एक खोली होती. तिला आत बसवून कानांवर आवाजाचं यंत्र चढवलं, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. कान तपासणारी मुलगी बाहेर कळा फिरवत होती, पेंटर तिच्या शेजारी. सुरुवातीला बायको भराभर बटण दाबत होती. मग मध्येच थांबली. मुलगी कळ फिरवत राहिली, आणि थोड्या वेळाने बायको परत दाबायला लागली, अगदी वेळेवर. पेंटरच्या जिवात जीव आला. मुलीने मात्र भुवया उंचावल्या. ती आत गेली आणि तिने बायकोची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

मग बटणावरचा तो हात हललाच नाही. मुलगी कळ फिरवत होती, वर, आणखी वर, आणि तो हात मांडीवर पडून होता. इतकी वर्षं बाटल्या निरखलेली बाई. समोरच्या पोरीचा खांदा कधी हलतो हे तिने क्षणात टिपलं होतं. पेंटरला पहिल्यांदाच तिच्या विद्येचं कौतुक वाटलं नाही.

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "काकू, शिट्टी ऐकू येत नाही असं कधीपासून होतंय?" ती कुकरबद्दल विचारत होती. बायकोने नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "येते की. रोज ऐकते. यांची शिट्टी मी एक दिवस चुकवलेली नाही."

पेंटरने तोंड फिरवलं, तिला त्याचे ओठ दिसणार नाहीत असं, आणि मुलीला बाटल्यांच्या कारखान्याचं सांगून हळूच विचारलं की कधीपासून. मुलगी म्हणाली, काचेचा आवाज आधी वरचे सूर खातो. बोलणं बराच काळ टिकतं, त्यात यांना ओठ वाचता येतात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण हे काल-परवाचं नाही, वीस-पंचवीस वर्षांचं तरी असेल. कानाला यंत्र लावलं तर बोलणं थोडं सुधारेल, वरचं जे गेलं ते गेलं. पेंटरने खिशातून शिट्टी काढली आणि त्या पोरीसमोर चालीची सुरुवात वाजवली. ती बिचारी ओशाळली. म्हणाली, "काका, खालचे एक-दोन सूर अंधूक येत असतील. वरचं काही नाही."

"मग काय ऐकू येतं तिला?"

"जाड आवाज. माणसाचा आवाज, ढोल, क्लॅरिनेटचे खालचे सूर, असं काही."

दवाखान्यांत आजवर पेंटरने बऱ्याच वाईट बातम्या ऐकल्या होत्या, आईच्या, वडिलांच्या. पण त्या पोरीच्या तोंडून क्लॅरिनेटचं नाव आलं, तसं त्यांतलं एकही वर्मी लागलं नव्हतं.

घरी परत येताना बायको मजेत होती. कुकरचं काय एवढं, तो काय गाणं म्हणतो? कानातलं यंत्र नको म्हणाली, भुंगा पोसल्यासारखं वाटतं. पेंटर मात्र आतून पोखरला जात होता. मग ती रोज काय ऐकत होती? आपल्याला बरं वाटावं म्हणून बसत होती का? इतकी वर्षं? 'शिट्टीच गोड लागते' म्हणाली तेव्हा तरी ऐकू येत होती का? विचारायची हिंमत नव्हती. तिने खरं सांगितलं असतं तरी पंचाईत आणि खोटं सांगितलं असतं तरी पंचाईत. त्याला आता एकच हवं होतं. ती चाल, ती अख्खी, गच्चीवरच्या भागासकट, एकदा तिच्या कानात जायला हवी होती. आपण असेपर्यंत आणि ती असेपर्यंत.

वाद्यांच्या दुकानात आता त्या दुकानदाराचा मुलगा बसत होता. त्याने सांगितलं की खालच्या सुराची शिट्टीही असते. भोकं तीच सहा, बोटं तीच, फक्त नळी हातभर लांब आणि सूर सप्तकभर खाली. पेंटरचे डोळे चमकले. मग किंमत ऐकली. जवळजवळ क्लॅरिनेटइतकीच.

"शिट्टीच ना ही पण?" पेंटर म्हणाला.

"शिट्टीच. पण काका, यात सूर जितका खाली, तितका भाव वर."

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे पेंटरला शिकवायची गरज नव्हती. तो तिथून निघाला तो थेट मेहुण्याकडे गेला. बायकोचा धाकटा भाऊ नळाची कामं करायचा. त्याच्या गाळ्यात वेगवेगळ्या जाडीच्या नळ्यांचे ढीग असायचे. पेंटरने सगळी हकीकत सांगितली. मेहुणा एरवी थट्टेशिवाय एक वाक्य बोलत नसे, पण ताईचं ऐकून त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठला आणि नळ्या ठोकून ठोकून बघायला लागला.

पहिली नळी नुसती सुस्कारे टाकायची. दुसरी बोलली, पण बेसूर. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, जन्मभर नळ्या गळू नयेत म्हणून धडपडलो, आणि तुम्ही मला भोकं पाडायला लावताय." लाकडाची खुंटी तासून त्याने फुंकायचं तोंड केलं, पेंटरच्या छोट्या शिट्टीशी सूर जुळवत एकेक भोक कानशीने मोठं केलं. शेवटी एक नळी लागली. असा आवाज, जणू रिकाम्या खोलीत कुणी मायेने हाक मारावी. पण भोकं इतकी लांब लांब, की ब्रश धरून आखडलेली पेंटरची बोटं तिथवर पोचेनात. चणे आले तर दात गेलेले. तो रोज दुपारी फिरायला जातो म्हणून सांगून गाळ्यात जायचा आणि बोटं ताणायचा. करंगळीपासून कोपरापर्यंत कळ जायची. मेहुणा गरम पाणी करून द्यायचा, त्यात हात बुडवून परत बसायचा. पावसाळा जाऊन थंडी आली तेव्हा कुठे चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता निघाली. मेहुण्याने कानस खाली ठेवली आणि डोळे पुसले. "जा," म्हणाला. "आजच जा."

पेंटर घरी आला तेव्हा चहा झाला होता. हातातली नळी बघून बायको म्हणाली, "काय हो, कुठला नळ फुटला?" तो म्हणाला, बस, ऐक. ती हनुवटी टेकवून बसली. त्याने नळी ओठांना लावली, बोटं ताणून भोकांवर बसवली, ओठ आवळून, कपाळाला आठ्या घालून, सगळं लक्ष बोटांवर ठेवून फुंकर घातली.

पहिल्याच सुराला तिची हनुवटी तळव्यातून उठली. तिने इकडेतिकडे बघितलं, आवाज कुठून येतोय ते शोधत असल्यासारखं, आणि मग नळीवर डोळे खिळवले. खालची दोन आवर्तनं झाली. चाल जिना चढली. तिचा हात छातीवर गेला. वरच्या भागात पोचल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. पेंटरला दिसत होतं, सूर लागला की तिचा चेहरा बदलतोय, प्रत्येक सुराला. ती ऐकत होती. खरंच ऐकत होती. त्याने शेवटचा सूर जमेल तितका लांबवला.

नळी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "किती सुंदर. असं काही मी कधी ऐकलंच नव्हतं." तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "कुणाची हो ही चाल?"

पेंटरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नवीन शिकलात? त्या दुकानात?" तिने पदराने डोळे टिपले आणि खुर्चीत नीट सावरून बसली. "फारच छान आहे. पण आता आपली वाजवा."

सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. हीच ती, हीच आपली, जन्मभर हीच वाजवत आलो. पण मग ती इतकी वर्षं जी ऐकत होती ती कुठली? या संसारात एक चाल त्याने बसवली होती आणि एक तिने, आणि तिची त्याने कधी ऐकली नव्हती. ती खोटं बोलत नव्हती. कधीच बोलली नव्हती. तिला तिची ऐकू येत होती, आणि खरी गोष्ट सांगून आपण तीही काढून घेऊ, एवढं त्या क्षणी पेंटरला कळलं. जन्मभरात फार थोड्या गोष्टी त्याला वेळेवर कळल्या, त्यातली ही एक.

त्याने खिशातून पत्र्याची शिट्टी काढली. ओठांना लावली, पण छातीतून वाराच वर येईना. बोटं तेवढी सवयीने हलायला लागली. खाली दोनदा घुटमळली, जिना चढली. खोलीत बारीकसाही आवाज नव्हता. ती तळव्यात हनुवटी टेकवून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याच्या भुवया वर गेल्या तशी ती हसली, त्याची मान डोलली तशी तिचीही डोलली, आणि बरोबर जिथे शेवट होतो तिथे तिने समाधानाने श्वास सोडला.

"हां. ही आपली," ती म्हणाली. "त्या नळाला काही हिची सर नाही."

पेंटर 'नाही' म्हणाला, तोंड नीट हलवून, तिला दिसेल असं.